सर्किट शिकायला खरे बल्ब-सेल आणावेत की मोबाईलवरचं सिम्युलेशन पुरतं?

नववीला ‘धाराविद्युत’ आणि दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’, असे धडे लागोपाठ येतात आणि शाळेत प्रयोग हाताने करायला मिळाला तर मिळाला, नाहीतर फळ्यावरच्या आकृतीवरच भागवायचं. मग घरी काय करायचं हा प्रश्न येतोच. गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन मी दोन्ही करून बघितलं, एकीकडे टॉर्चचे जुन्या पद्धतीचे बल्ब, पेन्सिल सेल आणि वायरी, दुसरीकडे फेटचं सर्किटचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच जोडून बघायचं आभासी सर्किट. दोन्ही चांगलंच आहे, पण दोन्ही वेगवेगळं शिकवतात, आणि तुमचं मूल नेमकं कुठे अडकलंय त्यावर आधी काय घ्यायचं ते ठरतं.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, २००२ साली नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केलेला. पैसे लागत नाहीत, ब्राउझरमध्ये चालतं, एकदा डाउनलोड केलं की नेटही लागत नाही, आणि त्यांची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. मोबाईलवर चालतं पण वायरीची टोकं बोटाने जोडताना वैताग येतो, टॅब किंवा लॅपटॉप असेल तर तोच घ्या.

आता मुद्द्याचं. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते की बल्ब करंट ‘खातो’, म्हणजे एकसर जोडणीत, बल्ब एकामागे एक जोडलेले असताना, पहिल्या बल्बने थोडा खाल्ला की दुसऱ्याला कमी मिळणार. आम्ही खरे दोन बल्ब एकसर जोडले आणि नेमका दुसरा जरा मंद लागला! भाचा लगेच म्हणाला, “बघ मावशी, मी सांगितलं ना.” मी त्याला दोन्ही बल्बांची जागा बदलायला सांगितली. उजळ बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी उजळच राहिला, मंद होता तो पुढे येऊनही मंदच. दोन बल्ब अगदी एकसारखे बनलेले नव्हते, एवढंच कारण. पण कुणी जागा बदलायला सांगितलं नसतं तर त्याची चुकीची समजूत त्या दिवशी पक्की झाली असती, आणि ती पण प्रयोग करून!

इथे सिम्युलेशन फार उपयोगी पडतं. तिथे बॅटरी ९ व्होल्टची, बल्ब १० ओहमचे, दोन एकसर जोडले की करंट ०.४५ अँपिअर, आणि करंट मोजणारा अँमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, मधे लावा, नाहीतर शेवटी लावा, आकडा तोच. शिवाय वायरीतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, बल्बच्या आधी जेवढे तेवढेच नंतर, एकही कमी होत नाही. तेच बल्ब समांतर, म्हणजे प्रत्येक थेट बॅटरीच्या दोन टोकांना, जोडले की प्रत्येकातून ०.९ आणि बॅटरीतून १.८. भाच्याने आधी वहीत उत्तर काढायचं आणि मग स्क्रीनवर बघायचं असं अर्धा तास केलं, समांतर जोडणीची गणितं त्याला त्यानंतर जमायला लागली.

याच विद्यापीठात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांतच नाही तर खरं सर्किट जोडून ते कसं चालतं हे सांगण्यातही खऱ्या सामानावर शिकलेल्यांपेक्षा पुढे गेले. मात्र ते विद्यार्थी कॉलेजातले होते. सहावी-सातवीच्या मुलाला नुसता स्क्रीन द्यावा असं मला तरी त्यावरून वाटत नाही.

कारण खरा बल्ब हातात घेतल्यावर जे प्रश्न पडतात ते स्क्रीनवर पडतच नाहीत. भाच्याने पहिल्यांदा दोन्ही वायरी बल्बच्या खालच्या टोकालाच टेकवल्या, बल्ब लागेना. मग भिंगातून बघितलं तेव्हा कळलं की बल्बच्या आतल्या तारेचं एक टोक खालच्या ठिपक्याला आणि दुसरं बाजूच्या धातूच्या आट्यांना जोडलेलं असतं, म्हणजे परिपथ (सर्किट) बल्बच्या आतूनही पूर्ण व्हावा लागतो. सिम्युलेशनमध्ये टोकं आयती दिलेली असतात.

दुसरं म्हणजे समांतर जोडणीत पुस्तक म्हणतं की एका बल्बचा दुसऱ्यावर परिणाम नाही, पण खऱ्या सेलवर दुसरा, तिसरा बल्ब लावला की पहिला थोडा मंदावतो, सेल जुना असेल तर चांगलाच. सेलला स्वतःचा अंतर्गत रोध, म्हणजे आतल्या आत करंटला होणारा अडथळा, असतो म्हणून. फेटमध्ये बॅटरीच्या रोधाचा स्लायडर आहे पण तो सुरुवातीला शून्यावर असतो, मुद्दाम सरकवला तरच हे दिसतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बल्बवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ओहमच्या नियमाने (व्होल्ट भागिले अँपिअर) रोध साधारण ८.३ ओहम. पण बल्ब बंद असताना मल्टिमीटर लावला तर जेमतेम एक-सव्वा ओहम! भाच्याला वाटलं मीटर बिघडला. मीटर बरोबर होता, टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो. ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द मुलं नियमात नुसते पाठ करतात, ते तिथे कशाला आहेत हे त्या दोन आकड्यांत दिसतं.

खर्चाचं म्हणाल तर दोन-तीन बल्ब, होल्डर, सेल आणि वायरी शे-दीडशेत येतात, साधा पिवळा मल्टिमीटर आणखी दोन-तीनशेला. फक्त बल्ब तारेचाच मागा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातो. हल्ली किटमध्ये एलईडी देतात, तो उलटा लावला की लागत नाही आणि एका सेलवर तर सुलटा लावूनही लागत नाही, त्यामुळे नवशिक्या मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मल्टिमीटरने करंट मोजताना २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवू नका, हा बल्ब ३०० घेतो, आमचा फ्यूज तिथेच उडाला. १० अँपिअरचं वेगळं भोक असतं ते वापरा, आणि मीटर सेलच्या दोन टोकांना थेट कधीच नाही, परिपथ तोडून मधे घालायचा.

मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या, पॉवर बँकमधले सेल आणि घरातला २३० व्होल्टचा प्लग यांच्या वाटेला अजिबात जाऊ देऊ नका. शॉर्ट सर्किट बघायचंच असेल तर फेटमध्ये बघा, तिथे बॅटरीला आग लागलेली दिसते आणि कुणाला काही होत नाही.

माझं मत विचाराल तर सहावी ते आठवीला आधी खरं सामान आणा, सोबत मोठं माणूस बसणार असेल तर नक्कीच. नववी-दहावीचं मूल गणितात अडकलं असेल, परीक्षा महिन्यावर असेल, तर सरळ फेट, आणि जर्नलसाठी प्रयोगाच्या पायऱ्या हव्या असतील तर अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ओलॅब्स हे ऑनलाइन प्रयोगशाळेचं संकेतस्थळ बघा. नुसते व्हिडिओ मी सुचवणार नाही, त्यात जोडणी दुसराच कुणीतरी करत असतो. आणि दोन्ही जमत असेल तर बल्ब शनिवारी आणि फेट रविवारी, कारण ‘असं का झालं’ हा प्रश्न बल्बने आधी पडलेला असला की रविवारी मुलं स्क्रीनवर काय शोधायचं ते स्वतःच ठरवतात.