घरबसल्या बारावी : माझे ३५,५०० रुपये कसे गेले

बारावी पास झालो म्हणून मी लॅबमध्ये पेढे वाटले होते. अर्धा किलो. टेक्निशियन सरांनी पाठ थोपटली, रिसेप्शनच्या ताईंनी मार्कशीटचा फोटो काढून घेतला. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले, कारण ते बोर्डच बोगस होतं हे आता त्यांनाही कळणार.

मी धायरीला राहतो, सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सकाळी गाडीवर दवाखान्यांतनं सॅम्पल गोळा करायची, लेबलं लावायची, मशीनला लावायची. दहावी झाली २०१० ला, अकरावीत वडील आजारी पडले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे जायचं तर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करायला पाहिजे आणि त्याला बारावी सायन्स लागते. मग रात्री मोबाईलवर शोधत बसलो आणि तिथेच अडकलो.

एक नंबर दिसला, फोन केला तर एक मॅडम, एकदम गोड बोलणं, "दादा तुम्ही नोकरी करता ना, आमचे सगळे विद्यार्थी तुमच्यासारखेच आहेत, घरी बसून अभ्यास, घरी बसून परीक्षा, काही टेन्शन नाही." ऑफिस अप्पा बळवंत चौकाजवळ एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली पुस्तकांची दुकानं, पोरांची गर्दी, त्यामुळे वर काहीतरी शिक्षणाचंच चालू असणार असं आपोआप वाटतं बघा. भिंतीवर तिरंग्याच्या रंगातलं बोर्डाचं नाव, त्यात राष्ट्रीय पण होतं, मुक्त पण होतं आणि दिल्ली पण होतं. मी विचारलं प्रॅक्टिकलचं काय, तर म्हणाल्या नोकरीवाल्यांना सूट मिळते, फक्त ४,००० भरायचे.

इथे माझं डोकं चालायला पाहिजे होतं. रोज टेस्ट ट्यूब हाताळणारा माणूस मी, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पैसे भरून माफ होतं हे मला पटलं कसं? पण पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं.

पैसे असे गेले : ॲडमिशन १२,५००, परीक्षा ८,०००, प्रॅक्टिकलची सूट ४,०००, मार्कशीट आणि मायग्रेशन ३,५००. सगळे यूपीआयने, आणि दर वेळी संस्थेच्या नावावर नाही तर कुठल्यातरी माणसाच्या नावावर, दोनदा तर वेगवेगळ्या माणसांच्या. पावती मागितली की "सिस्टीममधनं येईल दादा".

अभ्यास मात्र मी खरा केला हो, आठ महिने. त्यांनी झेरॉक्सचे गठ्ठे दिले होते, प्रत्येक पानाच्या वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून मग झेरॉक्स काढलेली, काहीतरी झाकलंय हे दिसत होतं. पण एका पानावर पट्टी सरकली होती आणि खाली कोपऱ्यात ३१३ आकडा दिसत होता. मला वाटलं पान नंबर असेल. ३१३ म्हणजे एनआयओएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेच्या, बारावी केमिस्ट्रीचा विषय कोड, हे नंतर कळलं. म्हणजे सरकारी संस्थेची पुस्तकं, जी त्यांच्या साईटवर फुकट वाचायला मिळतात, तीच झेरॉक्स मारून मला विकली.

परीक्षेच्या दिवशी पेपर व्हॉट्सॲपवर. बायको पोरीला घेऊन शेजारी गेली, मी दार लावून तीन तास लिहिलं, पानांचे फोटो काढून पाठवले. केमिस्ट्रीत ऑर्गॅनिकचे प्रश्न मी चक्क कोरे सोडले होते, जमलेच नाहीत. रिझल्टला केमिस्ट्री ८२. आणि प्रॅक्टिकल ३० पैकी २८, जे प्रॅक्टिकल झालंच नव्हतं. मला वाटलं चुकून असेल, देव पावला, मी कशाला विचारू. रोल नंबर टाकून बघायला त्यांनीच लिंक दिली होती, त्यात टाकलं की माझं नाव, फोटो, मार्क सगळं यायचं. पण ती साईट पण त्यांचीच ना, चोराला विचारलं की माल कुणाचा तर तो काय सांगणार.

डीएमएलटीच्या ॲडमिशनला गेलो. खिडकीतल्या मॅडमनी मार्कशीट उलटी-सुलटी करून बघितली, होलोग्रामच्या कडेला नख लावलं तर तो स्टिकरसारखा अर्धा वर आला. काही बोलल्या नाहीत. कॉम्प्युटरवर एक यादी उघडली, देशातल्या बोर्डांची कोब्से म्हणून संघटना आहे तिची, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "दादा, तुमचं बोर्ड यात दाखवा मला." मागे लाईन होती. मी वरून खाली दोनदा वाचली.

आता यापुढचं सांगायला लाज वाटते. बाहेर येऊन मी त्या गोड मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "अहो इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट, म्हणजे आपलं बोर्ड बाकीच्यांच्या बरोबरीचं असल्याचं, काढावं लागतं, ७,५०० भरा, आठ दिवसांत घरी येईल." आणि मी भरले. यादी डोळ्यांनी बघून आल्यावर भरले! पेढे वाटून झाले होते ना, मागे फिरता येईना. आठ दिवसांनी फोन बंद, तिसऱ्या मजल्याला कुलूप.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला, सायबरला तक्रार दिली. पण तोपर्यंत पहिले पैसे जाऊन वर्ष होत आलं होतं. असं कुणाचं झालं तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात १९३० लावा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडकवता आले तर येतात.

खरा रस्ता आहे तो एवढा लपलेला पण नाहीये, फक्त त्यात कुणी "दादा दादा" करत नाही. एनआयओएस ही १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था, नोएडाला, दहावी-बारावी दोन्ही होतात, वरची वयाची अट नाही, ॲडमिशन आपली आपण त्यांच्या साईटवर भरता येते. परीक्षा घरी नाही, सेंटरवर जाऊनच. पाच विषय, त्यात एक तरी भाषा, ॲडमिशन पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा बसता येतं, म्हणजे यंदा दोनच विषय दिले तरी चालतं, नोकरीवाल्याला हीच खरी सूट. पासिंग ३३ टक्के पण थिअरीत वेगळे आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे, तिथे कुणी ४,००० घेऊन सोडत नाही. ज्यांना आपल्या राज्य बोर्डाचीच दहावी-बारावी पाहिजे त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. आणि कुठलंही बोर्ड असो, त्याचं नाव त्यांनी पाठवलेल्या लिंकवर शोधू नका. जिथे पुढे ॲडमिशन घ्यायचीय त्या कॉलेजच्या खिडकीवर जाऊन आधी विचारा की हे चालतं का. मी पैसे भरायच्या आधी त्या खिडकीवर गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी आता एनआयओएसला नाव घातलंय. टीएमए म्हणून असाइनमेंट असतात त्या हाताने लिहितोय, प्रॅक्टिकलला मागच्या वेळी टायट्रेशनमध्ये रंग पुढेच गेला आणि परत करावं लागलं. फीमध्ये नवीन पुस्तकं आली आहेत पण मी वाचतो तेच जुने झेरॉक्स, कारण पेन्सिलीच्या सगळ्या खुणा त्यावर आहेत. ऑर्गॅनिकपासून सुरू केलंय.