पडवीतला बीएलडीसी पंखा: अडीच वर्षांनी मोटर जाम, आणि सगळा दोष बेअरिंगच्या झाकणाचा

घर गोव्यात मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटं. पंखा पडवीत, म्हणजे खारा वारा थेट अंगावर. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली, आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारी कमी विजेची मोटर. 28 वॅट, रिमोट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते लिहीत नाही. पावसात लाईट गेली की इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, म्हणून जीव आहे त्याच्यावर.

जुलैत दोन आठवडे पुण्याला मुलीकडे होतो, पंखा बंद. परत येऊन रिमोट दाबला तर नुसता थरथरला, थांबला, परत थरथरला. हाताने पण हलेना. कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला, शिडीवर न चढताच म्हणाला मोटर आणि बोर्ड दोन्ही बदला, 1,900 रुपये, गंज वॉरंटीत नाही. वर व्हिजिटचे 350 घेतले. 3,100 च्या पंख्याला!

अहो निदान बोर्डाकडे जाणाऱ्या तीन वायरींचा कनेक्टर काढून पंखा फिरवून तर बघायचा. बोर्डातला मॉस्फेट (मोटरला करंट देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असेल तर मोटर स्वतःच्याच करंटने ब्रेक लागल्यासारखी जड होते आणि कनेक्टर काढला की मोकळी होते. काढूनही जाम असेल तर बिघाड आतला, बोर्डाचा नाही. माझी काढूनही जाम. मग त्या तीन वायरी दोन-दोन करून मीटरने मोजल्या, तिन्ही वेळा रीडिंग सारखं. म्हणजे वाइंडिंग (मोटरमधल्या तारेची वेटोळी) पण चांगलं.

शेजारच्या भाईंच्या सांगण्यावरून गंज सोडवायचा स्प्रे मारला. फिरला! मी सगळ्यांना सांगत सुटलो की हाच उपाय. नवव्या दिवशी किरकिर आणि परत जाम. ते मत मागे घेतो, स्प्रेने उरलंसुरलं ग्रीसही धुऊन गेलं.

चतुर्थी आठ दिवसांवर, घर माणसांनी भरणार, शेवटी खाली उतरवून उघडलाच. आधी दोन्ही कव्हरवर मार्करने रेघ मारा, जोडताना तसंच बसलं पाहिजे. चुंबक जोरात खेचतो, बोटं सांभाळा. गंजाची पूड चुंबकावरून ब्रशने निघत नाही, चिकटपट्टीने उचला. आणि बेअरिंग काढायला गरम करू नका, चुंबकाचा गोंद सुटेल, गॅरेजमधून पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) मागून आणा.

दोन्ही बेअरिंग 6202 (हा साईजचा नंबर) झेडझेड निघाली. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, त्याला कडेने फट असते, खारी दमट हवा आत जाणारच. टू-आरएसला रबरी सील असतं. एवढ्याशा फरकासाठी अख्खी मोटर बदलायला सांगतात याचा मला अजून राग आहे, किनाऱ्यावर पंखे विकता तर सीलवालं बेअरिंग घाला ना!

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून दोन टू-आरएस आणली, 240 रुपये. शाफ्टवर बसवताना पाईप आतल्या रिंगवर ठेवूनच ठोका, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर नवीन बेअरिंग तिथेच खराब.

पहिले दोन दिवस एक नंबरवर जड उचलायचा, सील घट्ट असतं म्हणून, तेव्हा वाटलं चुकलं की काय. नंतर मोकळा झाला. चतुर्थीत दिवसरात्र चालला, आज साडेतीन महिने झाले, आवाज नाही. मोटरला 4 स्टार, सर्व्हिसला 1.

आतल्या खोलीत ह्याच कंपनीचा दुसरा पंखा आहे, त्याचीही दोन बेअरिंग आणून ठेवलीत, मे महिन्यात पावसाआधी उघडणार.