तीन रॉकेटांचा मॉडेल सेट घेतला, एन-वनचे सहा नोझल गायब

पुण्यात धायरीत एक पोरगा घरीच थ्रीडी प्रिंटरवर रॉकेटची मॉडेलं करून देतो, त्याच्याकडून तीनचा सेट घेतला, अमेरिकेचं सॅटर्न-५, रशियाचं चंद्रावर जायला बनवलेलं एन-वन आणि आपलं इस्रोचं एलव्हीएम-३. २८०० रुपये पडले. सगळी १:२०० मापाची आहेत त्यामुळे शेजारीशेजारी ठेवली की खरा अंदाज येतो, सॅटर्न ५५ सेंटिमीटर आणि एलव्हीएम जेमतेम २२.

फिनिशिंग भारी आहे. सॅटर्नवरचे काळेपांढरे पट्टे टेप लावून हाताने रंगवलेत, कुठे रंग पसरलेला नाही. पण एन-वन उलटं केलं आणि मन खट्टू झालं. बाहेरच्या रिंगणात २४ नोझल, म्हणजे इंजिनांची खालची तोंडं, बरोबर आहेत, मुलीने बोट ठेवून मोजले, आणि मधे नुसतं सपाट प्लास्टिक. मधले ६ नाहीतच.

तुम्ही म्हणाल सहा नोझलनी काय बिघडतं, कपाटात तर ठेवायचंय. पण त्या रॉकेटची सगळी गोष्टच त्या ३० इंजिनांत आहे हो. कोरोल्योव्हला, म्हणजे तिकडच्या रॉकेटांच्या मुख्य रचनाकाराला, केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन हवा होता, ग्लुश्को, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा इंजिनवाला, विषारी इंधनावर अडून बसला, दोघांचं जुनं वैर होतंच, शेवटी कोरोल्योव्ह विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कुझनेत्सोवकडे गेला आणि मोठी इंजिनं नाहीत म्हणून लहान ३० लावली. पैसाही कमी, अख्खा पहिला टप्पा, म्हणजे ही ३० इंजिनंवाला सगळ्यात खालचा भाग, जमिनीवर पेटवून बघायला स्टँडसुद्धा नव्हता. १९६६ ला कोरोल्योव्ह गेला. १९६९ ते १९७२ मधे चार उड्डाणं झाली, चारही पहिल्याच टप्प्यात फसली, त्यातलं ३ जुलै १९६९ चं तर लाँचपॅडवरच कोसळलं, अपोलो-११ चंद्रावर उतरायच्या १७ दिवस आधी. आणि १९७४ ला सूत्रं आली ती ग्लुश्कोच्याच हातात, त्याने एन-वनचं काम थांबवलं. इतक्या लोकांची मेहनत भांडणापायी वाया गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

एलव्हीएम-३ मात्र मनापासून आवडलं. टप्पे सुटे होतात, वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारा टप्पा वेगळा हातात घेता येतो, आणि तेच तंत्रज्ञान तर आपल्याला मिळू नये म्हणून केवढं राजकारण झालं. १९९३ ला अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, तयार इंजिनं तेवढी दिली, आपलं स्वतःचं क्रायो इंजिन यशस्वी उडायला ५ जानेवारी २०१४ उजाडलं. पुढे युक्रेन युद्धावरून वनवेब या उपग्रह-इंटरनेटवाल्या कंपनीचं रशियाशी बिनसलं, रशियाच्या सोयुझ रॉकेटवरून जाणारे उपग्रह अडकले, आणि ऑक्टोबर २०२२ ला त्यांचे ३६ उपग्रह ह्याच एलव्हीएमने नेले. बाजूचे दोन जाड बूस्टर बघितले की मला वालचंदनगर आठवतं, आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात, साखर कारखान्यांच्या मशिनरीसोबत तिथे इस्रोच्या रॉकेट मोटरची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं पण बनतात. मुलीला हे सांगितलं तर ती बूस्टर हातातून खाली ठेवेना.

नोझलचा फोटो पोराला व्हॉट्सॲपवर टाकला, त्याने अजिबात वाद घातला नाही, चार दिवसांनी सहाच्या सहा काडेपेटीत घालून दिले, जास्तीचे पैसे नाही घेतले. पुढच्या सेटमधे ३० असतील म्हणालाय, तरी घ्यायला जाल तेव्हा एन-वन तिथेच उलटं करून मोजून घ्या.