बालीत डॉलर बदलताना: मोजून घेतलेल्या नोटाही कमी कशा भरतात

मित्रमंडळींबरोबर बालीला निघाला असाल तर हे आधी वाचा. विमान, हॉटेल, व्हिसा यांची माहिती कुठेही मिळते. कुटाच्या गल्ल्यांमध्ये डॉलर बदलताना डोळ्यांदेखत नोटा कशा जातात, ते मात्र आम्हाला निघण्यापूर्वी कुणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही सगळे कॉलेजपासूनचे. 2024 च्या दिवाळीनंतर गेलो होतो. सगळ्यांनी काँट्री काढून डॉलर घेतले आणि ते पाऊच आमच्यातल्या सगळ्यात काटेकोर मित्राकडे दिलं. बालीत हॉटेलं आणि मोठी रेस्टॉरंट सोडली तर रोख लागतेच. भाड्याची स्कूटर, पार्किंग, वारुंग म्हणतात त्या छोट्या खानावळी, किनाऱ्यावरची खुर्ची-छत्री, सर्फिंग शिकवणारी पोरं, सगळीकडे रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, मोजावे लागतात.

त्या दिवसांत बाजारात एका डॉलरला 15,800 रुपियांच्या आसपास मिळत होते. लेगियान रस्त्यावरून कुटा बीचकडे उतरणाऱ्या एका गल्लीत कपड्यांचं दुकान होतं. त्याच्या दारात पाटी होती: 16,300, कमिशन नाही. आत, टांगलेल्या सारोंगांच्या मागे, जेमतेम एक माणूस बसेल एवढं काउंटर. आम्हाला 300 डॉलर बदलायचे होते. त्याने कॅल्क्युलेटरवर 48,90,000 दाखवले. आकडा बरोबर होता. एक लाखाच्या नोटा संपल्यात, म्हणाला, आणि पन्नास हजारांच्या निळ्या नोटा काढल्या. म्हणजे 97 निळ्या आणि वरच्या चाळीस हजारांसाठी वीस हजारांच्या दोन हिरव्या.

दहा-दहाच्या गड्ड्या त्याने आमच्यासमोर मांडल्या. मित्राने प्रत्येक नोट मोजली. एक कमी भरली. तसं सांगताच काउंटरवाला ओशाळला, हात जोडून माफी मागितली, सगळ्या गड्ड्या एकत्र करून उचलल्या, एक नोट वर ठेवली, गठ्ठा काउंटरवर ठोकून सारखा केला आणि मित्राच्या हातात दिला. त्याच क्षणी दारातल्या त्याच्या जोडीदाराने आम्हाला हाक मारली. इंडिया? शाहरुख खान! आम्ही सगळे तिकडे वळलो, हसलो, चार वाक्यं बोललो. नोटा पाऊचमध्ये गेल्या आणि आम्ही समुद्रावर.

दिवसभर त्या पाऊचमध्ये अनेकांचे हात गेले. कुणी शहाळ्यांचे पैसे दिले, कुणी सर्फिंगचे, कुणी पेट्रोलचे. रात्री हिशोबाला बसलो तर 9 लाख रुपिया कमी. पन्नास हजारांच्या अठरा नोटा. आपले सुमारे पावणेपाच हजार रुपये. बाली सरकार 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकाकडून माणशी 1,50,000 रुपिया कर घेतं. सहा जणांचा कर निघेल एवढी ती रक्कम.

आणि इथेच या फसवणुकीचा सगळ्यात वाईट भाग सुरू होतो. पैसे कुठे गेले हे कुणालाच कळत नव्हतं. नोटा आमच्यासमोर मोजल्या होत्या, म्हणजे तिथे गडबड झालेली नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग उरलं कोण? आपणच. पाऊच सांभाळणाऱ्या मित्राला कुणीतरी म्हणालं, "अरे, तू तुझ्या पाकिटात तर नाही ना ठेवलेस?" त्याने काही न बोलता पाकीट उलटं करून पलंगावर ठेवलं. वीस वर्षांची मैत्री, आणि त्या खोलीत कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. चोर गल्लीत मजेत बसला होता आणि आम्ही इथे एकमेकांच्या बॅगांकडे पाहत होतो. ते मला आजही सहन होत नाही.

उलगडा सकाळी झाला. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाई, सगळे त्यांना इबू म्हणायचे, आमचे चेहरे बघून विचारायला आल्या. आम्ही सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही मोजल्यानंतर त्याने नोटा परत हातात घेतल्या होत्या का?"

घेतल्या होत्या. कमी भरलेली ती एक नोट मुद्दाम कमी ठेवलेली असते. ती तुम्हाला सापडावी आणि गठ्ठा परत मागायला त्याला कारण मिळावं, एवढ्यासाठीच. तुम्ही जितके काटेकोर, तितकं त्याचं काम सोपं. गठ्ठा ठोकून सारखा करताना खालच्या पंधरा-वीस नोटा अंगठ्याने मागे सरकवून काउंटरच्या आतल्या बाजूला पाडायच्या आणि वरची नोट तुमच्या डोळ्यांसमोर नाचवत ठेवायची. पन्नास हजारांच्या नोटा देतात त्याही याचसाठी. शंभराच्या गठ्ठ्यातल्या अठरा गेल्या तर हाताला कळत नाही. लाखाच्या लाल नोटा असत्या तर जेमतेम अठ्ठेचाळीस भरल्या असत्या.

आमच्या मित्राने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याने मोजलं होतं, नीट मोजलं होतं. हे त्याला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, आणि रात्री ज्याने तो प्रश्न विचारला होता त्यानेच ते सांगितलं.

आम्ही दोघं तिघं त्या दुकानात परत गेलो. काउंटरवर वेगळाच माणूस. काल कोण होतं त्याला माहीत नाही म्हणे. पावती? पावती कुणी दिलीच नव्हती. पोलिसांकडे जावं तर दाखवायला हातात काय, हा प्रश्न उरतोच.

खरं तर त्या पाटीवरच सगळं लिहिलेलं होतं. पैसे बदलणाऱ्याचा धंदा चालतो तो बाजारभावापेक्षा थोडा कमी भाव देऊन. मधला फरक ही त्याची कमाई. बाजारात 15,800 ला मिळणारा डॉलर जो 16,300 ला विकत घेतो आणि वर कमिशनही घेत नाही, तो प्रत्येक डॉलरमागे पदरचे 500 रुपिया घालतोय. असा धंदा कुणी करत नाही. ही रक्कम तो तुमच्याकडूनच वसूल करणार. तेव्हा जास्त भावाची पाटी दिसली की आत पाऊलही टाकू नका.

बँक इंडोनेशिया, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, तिचा परवाना असलेली पैसे बदलण्याची केंद्रं कुटा, सेमिन्याक, सानुर, उबुद सगळीकडे आहेत. परवान्याची पाटी दर्शनी भागात लावलेली असते आणि नावाआधी बहुधा पी.टी. असतं, म्हणजे ती नोंदणीकृत कंपनी असते. भाव थोडा कमी असतो, पासपोर्ट विचारतात, नोटा मशीनवर मोजतात आणि छापील पावती देतात. आम्ही उरलेले डॉलर अशाच ठिकाणी बदलले. शंभर डॉलरच्या नोटा स्वच्छ, न दुमडलेल्या न्या. जुन्या, फाटक्या किंवा छोट्या नोटांना भाव कमी देतात.

काउंटरवर दोघांनी जा. एकाने फक्त मोजायचं, दुसऱ्याने फक्त समोरच्याच्या हातांकडे बघायचं. कुणी गप्पा मारायला आलं तरी मान वळवायची नाही. आपले डॉलर आपल्याच मुठीत ठेवा, आधी रुपिया मोजून घ्या. मोजून झालेल्या गठ्ठ्याला परत कुणाचा हात लागू द्यायचा नाही. एक नोट कमी भरली तर तेवढी एकच नोट मागा. तो गठ्ठाच मागत असेल तर नोटा काउंटरवर ठेवा, डॉलर घेऊन बाहेर पडा. आणि त्याने गठ्ठा घेतलाच, तर तिथेच उभं राहून पहिल्यापासून मोजा. इबूंनी सांगितलं की तिथल्या तिथे पुन्हा मोजायला लागलं की ही माणसं बहुतेक वेळा वाद न घालता डॉलर परत करतात, कारण त्यांना दुकानात आरडाओरडा नको असतो.

आणि ग्रुपचे पैसे असतील तर पाऊचमध्ये टाकण्याआधी सगळ्यांसमोर एकदा मोजा, आकडा लिहून ठेवा. आमच्या हिशोबात ते 9 लाख आता सगळ्यांमध्ये सारखे वाटून टाकले आहेत. पाऊच सांभाळणाऱ्या मित्राने एकट्याने भरायची तयारी दाखवली होती. ती कुणीच ऐकून घेतली नाही.