१९६९ ची डॉज चार्जर आर/टी, दोन वर्षं चालवून झाली, आता खरं सांगतो

आधीच सांगतो, किंमत विचारू नका, बायको पण हे वाचते. गाडी १९६९ ची चार्जर आर/टी, इंजिन ४४० मॅग्नम म्हणजे ७.२ लिटर, गियर ऑटोमॅटिक तीनच, रंग एफ८ गडद हिरवा मेटॅलिक आणि शेपटीवर पांढरा पट्टा. मी राहतो डेट्रॉईटजवळ आणि गाडी पण इथलीच, व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, बी अक्षर आहे म्हणजे हॅमट्रॅम्कचा डॉजचा कारखाना. तो १९८० मध्येच बंद झाला, पाडला, आज त्या जागेवर इलेक्ट्रिक हमर बनतात, आता बोला.

रिस्टोअर मी केलेली नाही, तयार घेतली. बघायला जाताना खिशात फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट टाकून नेला, कारण अशा गाड्यांत पत्रा सडला की पुट्टी भरून वर चकाचक रंग मारतात. विकणारा बघत राहिला, मी आपला गणपती दारावर, चाकांच्या कमानीवर, डिकीच्या कडेला फिरवतोय. सगळीकडे घट्ट चिकटला, फक्त डाव्या मागच्या चाकाच्या खाली एका जागी घसरला. तेवढ्यावरून भाव पाडला, आणि कबूल करतो की बाकी बॉडीचं काम खरंच झकास आहे, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज येतो.

चालू करायची पण पद्धत आहे. थंड असेल तर पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचं म्हणजे चोक लागतो, मग किल्ली. आवाज आधी पोटात जाणवतो, कानात नंतर येतो. कागदावर ३७५ हॉर्सपॉवर, पण ती तेव्हाची ग्रॉस मोजणी, सायलेन्सर वगैरेचा भार न धरता केलेली, त्यामुळे आजच्या आकड्यांशी लावू नका. शेजाऱ्याची इलेक्ट्रिक गाडी सिग्नलवरून सुटताना हिला आरामात मागे टाकते. ती जाताना मात्र कोणी मान वळवून बघत नाही.

आता तक्रारी. ब्रेक बेक्कार. चारही चाकांना ११ इंची ड्रम, पुढे डिस्क तेव्हा जादा पैसे देऊन मिळायची आणि पहिल्या मालकाने ते वाचवले. पहिल्यांदा दाबला की थांबते, उतारावर तिसऱ्यांदा दाबला की विचार करते. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं पण चाकं कुठे आहेत ते हाताला कळतच नाही. पेट्रोल लिटरला ४ किलोमीटर, तेही प्रीमियम.

हेडलाइट जाळीमागे लपलेले असतात, त्यांची झाकणं इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात. माझं उजवं झाकण डाव्याच्या दोन सेकंद मागून उघडतं, म्हणजे गाडी रोज संध्याकाळी समोरच्याला डोळा मारते. ज्या गॅरेजने दुरुस्त केलं त्यांनी दोनदा पैसे घेतले आणि डोळा तसाच. अजून एक, टायरवाल्याकडे गेलात तर आधीच सांगा की डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. मी विसरलो, तिथल्या पोराने नट सोडवायची गन लावली आणि एक स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, तोडून ठेवला. त्याची पण काय चूक म्हणा, त्याच्या बापाच्या वयाची गाडी ती.

आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक स्पेअर बॅलास्ट रेझिस्टर कायम ठेवा, इग्निशनचा करंट कमी करणारी बोटाएवढी पांढरी सिरॅमिकची वस्तू, किरकोळ किमतीची. ती गेली की किल्ली फिरवून धराल तोवर इंजिन चालतं, किल्ली सोडली की बंद. मला हे ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर कळलं, ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्याच्या गर्दीत, एसी नाही, टेम्परेचरचा काटा वर, आणि मागे हजार गाड्या. बाबा तेव्हा नाशिकहून आलेले, शेजारी बसलेले. त्यांनी आयुष्यभर पद्मिनी चालवली. शांतपणे म्हणाले, "अरे, प्लग काढून पुसून बघ." म्हटलं, "बाबा, तो प्रॉब्लेम नाहीये." मागून एक म्हातारा अमेरिकन आला, खिशातून रेझिस्टर काढून दिला, पैसे पण घेतले नाहीत. परत निघाल्यावर बाबांनी विचारलं, "ही कॉन्टेसाची आई का रे?" दिसायला अगदीच चुकीचं नाही ते.

म्हणजे गंमत बघा, रिस्टोअर करणाऱ्याने इतकं मन लावून काम केलं की १९६९ चे दोष पण जसेच्या तसे परत आले, आणि मी त्याचेच पैसे मोजले. रोज ऑफिसला न्यायची असेल तर अजिबात घेऊ नका. रविवारची असेल, हात काळे करायची आवड असेल, तर ५ पैकी ४, एक ब्रेकचा कापला. डिस्कचं किट आणून ठेवलंय, पण ओरिजिनलपणा जाईल म्हणून दोन महिने खोकं फोडलेलं नाही. बसवलं की सांगतो, तोवर वुडवर्डवर हिरवी चार्जर मागे दिसली तर जरा बाजूला व्हा.