पनवेलवाल्याने पाहिलेला नवा एअरपोर्ट

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं नंतर वाचा नाहीतर नका वाचू. पनवेल, खारघर, कामोठे, उरण, पेण, खोपोली, अलिबाग या पट्ट्यात राहत असाल तर डोळे झाकून नवी मुंबईवरनंच तिकीट काढा. बोरिवली-अंधेरीवाल्यांनी या भानगडीत पडू नये, नुसता एअरपोर्ट बघायची हौस म्हणून तर अजिबातच नाही. ठाणे-डोंबिवलीवाल्यांचं अधलंमधलं आहे, त्यांनी फ्लाइटची वेळ बघून काय ते ठरवावं. माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन स्टार, आणि कापलेला दीड स्टार जास्तकरून बिल्डिंगच्या बाहेरच्या गोष्टींसाठी आहे.

आता आम्हाला एवढं कौतुक का ते पनवेलकरालाच कळेल. सकाळी सहाची फ्लाइट म्हणजे रात्री दोनला उठायचं, सायन-पनवेल हायवेने निघायचं, मानखुर्द-चेंबूरला काम चालू असेल तर देवाचं नाव घ्यायचं आणि सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या एअरपोर्टला, पोचेपर्यंत कमरेचे टाके ढिले. सकाळची फ्लाइट असली की अर्ध्या वेळा आदल्या रात्रीच अंधेरीच्या मावशीकडे मुक्काम. आणि हे सगळं कधीपासून, तर दारात एअरपोर्ट येणार येणार म्हणून आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. 2010 मध्ये जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना परवानगी मिळाली, 2018 च्या फेब्रुवारीत मोदींनी भूमिपूजन केलं, मग बांधणारी जीव्हीके कंपनी जाऊन अदानी आले, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन होऊन प्रवाशांचं पहिलं विमान उतरलं ते थेट 25 डिसेंबरला, इंडिगोचं, बेंगळुरूवरनं. मधल्या काळात इथल्या बिल्डरांनी प्रत्येक ब्रोशरवर 'एअरपोर्टपासून दहा मिनिटे' छापून किती फ्लॅट विकले त्याची मोजदाद नाही.

आम्ही जानेवारीत गेलो, आई आणि मी, बहिणीकडे बेंगळुरूला. सुरुवातीला एअरपोर्ट सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच चालू होता त्यामुळे पहाटे उठायचा प्रश्नच आला नाही, घरी व्यवस्थित चहा-पोहे खाऊन निघालो, हेच मुळात नवल. मित्राने गाडीने सोडलं. जुन्या पनवेलहून निघून जेएनपीटी रोडला लागलो आणि गप्पा सुरू होईपर्यंत टर्मिनल समोर. आईने तर विचारलंच, एवढ्यात आलं पण?

स्वतःची गाडी नसेल तर मात्र थोडा विचार करा. हार्बरच्या नेरूळ-उरण लाइनवर तरघर स्टेशन आहे, एअरपोर्टला तेच जवळचं, पण जवळचं म्हणजे स्टेशनातनं बाहेर पडून बॅग ओढत चालत जाल असं जवळचं नाही, पुढे बस नाहीतर गाडी करावीच लागते. उरण लाइनला गाड्या मोजक्याच, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून राहा, त्यामुळे निघायच्या आधी टाइमटेबल बघा. नवी मुंबई महापालिकेच्या, म्हणजे एनएमएमटीच्या, बस आहेत. मेट्रो म्हणाल तर बेलापूर-पेंधर चालू आहे पण तिचा एअरपोर्टशी काही संबंध नाही, मुंबईकडनं येणारी मेट्रो अजून कागदावर. दक्षिण मुंबईवाल्यांना अटल सेतू आहे, शिवडीवरनं चढलं की उलव्याला उतरायचं, वेळ खरंच कमी लागतो, पण पूर्ण सेतूचा कारचा टोल एका बाजूचा 250 रुपये, तो तिकिटात धरूनच हिशोब करा.

बिल्डिंग बघायला आवडली. डिझाइन झाहा हदीद यांच्या फर्मचं आहे, कमळाची थीम. फोटोत बघून मला वाटलं होतं की नेहमीसारखं काहीतरी उगाच सजवलेलं असेल, पण आत उभं राहिल्यावर खांब वर जाऊन पाकळ्यांसारखे उलगडत छताला भिडतात ते बघत मान वर करून थांबलोच, मागच्याची ट्रॉली पायाला लागली तेव्हा पुढे सरकलो. उजेड भरपूर. वर बघत चालणारे सगळेच होते, जो तो मोबाइल काढून व्हिडिओ, एक काका तर बायकोला खांबाला हात लावून उभं राहायला सांगत होते, जरा डावीकडे, अजून डावीकडे, नाही तिथे नको.

आईचं लक्ष मात्र खांबांकडे नव्हतंच. तिचं आजोळ कोपर. एअरपोर्टसाठी जी दहा गावं उठली त्यातलं एक. कोल्ही, चिंचपाडा, उलवे, तरघर, वाघिवली, गणेशपुरी ही सगळी त्यातलीच, माणसं आता वडघर-करंजाडे आणि पुष्पकनगरला राहायला गेलीत. उलव्याचा डोंगर आमच्या लहानपणी पनवेलवरनं दिसायचा, नव्वदेक मीटर उंच, तो सुरुंग लावून लावून सपाट केला, स्फोटाच्या वेळी जवळच्या घरांच्या काचा हलायच्या. उलवे नदीचं पात्रच वळवलं. तर ही बया मोठ्या काचेजवळ जाऊन उभी, बोट काचेला टेकवलेलं, आणि मला विचारतेय की खाडी या बाजूला म्हणजे डोंगर तिकडे होता ना, मग मामांचं घर कुठे येईल, त्या पांढऱ्या विमानाखाली का पलीकडे. मी कुठून सांगणार, समोर सगळं सिमेंट. तिने तिचं तिचंच ठरवलं, ते ट्रॅक्टर उभं आहे ना, तिथे. म्हणजे सामानाच्या गाड्या ओढतात ते. मग म्हणाली, चल, चहा पिऊ.

असो, रिव्ह्यूवर येतो.

चेक-इनला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बॅग स्वतःच टाकायची मशीन आहेत, मदतीला पोरंपोरी उभी असतात आणि मराठीत बोलतात, इथल्याच आसपासच्या वाटल्या, एकीने आईला "मावशी, पत्ता नको, फक्त आधार दाखवा" असं म्हटलं तेव्हा आई खूश. डिजियात्रा माझ्याकडे होतं, चेहरा दाखवला की गेट उघडतं, आईकडे नव्हतं म्हणून ती दुसऱ्या रांगेने, पण रांग म्हणजे काय तर पुढे तीन माणसं. सिक्युरिटीला पण तेच. आता यावरनं लोक लगेच लिहितात की वा काय मॅनेजमेंट, सहारला शिका काहीतरी. अहो थांबा जरा. या टर्मिनलची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे आणि सुरुवातीला दिवसाला फ्लाइट किती, तर हाताच्या बोटांवर नाही पण फार तर हातापायाच्या. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस आणि स्टार एअर, झालं. रिकाम्या हॉटेलात वेटर पटकन येणारच. खरं मॅनेजमेंट दिवाळीच्या सुट्टीत सगळे गेट भरलेले असताना कळेल, तोवर मी या बाबतीत मार्क देत नाही आणि कापतही नाही.

टॉयलेट स्वच्छ, सध्या तरी. पिण्याच्या पाण्याची सोय आहे, रिकामी बाटली सोबत ठेवा, सिक्युरिटीनंतर भरून घ्या. खाण्याचे भाव एअरपोर्टचेच, एका स्टॉलवर वडापावचा दर ऐकून आईने पिशवीतली थालीपीठं काढली आणि तिथेच खुर्चीवर बसून लोणच्यासकट खाल्ली, शेजारच्या बाईंना पण दिलं, त्या जळगावच्या निघाल्या. चहा घेतला, ठीक होता. एक सांगतो, मोबाइल कंपन्या आणि एअरपोर्टवाले यांचं आतल्या नेटवर्कच्या पैशांवरनं वाजलेलं होतं हे सुरू झाल्याझाल्या पेपरात आलंच होतं, त्यामुळे बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा. वायफाय फुकट आहे.

चालायला मात्र पाय लागतात. गेट लांब आहेत, वयस्कर माणूस बरोबर असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा. आईने सांगू दिली नाही, मी काय म्हातारी आहे का म्हणाली, आणि गेटवर पोचल्यावर गुडघा धरून बसली.

पैशांचं पण बघा. एअरपोर्टची यूडीएफ म्हणून जी फी तिकिटात धरलेली असते ती आम्ही गेलो तेव्हा इथे देशांतर्गत निघणाऱ्याला 620 रुपये आणि उतरणाऱ्याला 270 होती, सहारला बरीच कमी होती. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन साडेतीन हजारांवर तर नुसती ही फी. पनवेलवाल्याचे सहारच्या टॅक्सीचे पैसे वाचतात म्हणून त्याला परवडतं, दादरवाल्याला का परवडावं? तिकीट इथून स्वस्त दिसलं म्हणून उड्या मारण्याआधी घरापासूनचा सगळा खर्च मांडा.

विमान वेळेवर सुटलं. खिडकी आईला दिली. 3700 मीटरची धावपट्टी, उचलल्यावर एका बाजूला पनवेलची खाडी, खारफुटी, मग घरांची गर्दी आणि लांब कर्नाळ्याचा अंगठा. आपलं घर शोधायच्या नादात माझी निम्मी मान आईच्या मांडीवर. घर काही दिसलं नाही.

येताना उतरलो तर बॅग आमच्या आधी पट्ट्यावर फिरत होती, यात अतिशयोक्ती नाही. पण बाहेर आलो आणि खरा ताप तिथे सुरू झाला. एका अॅपवरनं गाडी बुक केली, ड्रायव्हर म्हणतो पनवेल? एवढ्या जवळ नाही येत, कॅन्सल करा. दुसरा म्हणतो वर कॅश किती देणार. अहो जवळचं भाडं म्हणजे काय गुन्हा आहे का, आणि एअरपोर्ट जवळ आला म्हणून आम्ही आनंदलो तर जवळ राहतो म्हणून गाडी मिळेना. शेवटी मित्रालाच फोन लावला, बिचारा जेवणावरनं उठून आला. माझं म्हणणं आहे की पनवेल, उलवे, खारघर, बेलापूर यांच्यासाठी ठरलेल्या दराची वेगळी रांग हवी, मुंबईच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची असते तशी. दीड स्टारमधला एक पूर्ण यासाठी गेलाय.

उरलेला अर्धा नावासाठी. दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून इथल्या भूमिपुत्रांनी किती मोर्चे काढले, मानवी साखळी केली, 2022 मध्ये विधिमंडळाने ठराव करून दिल्लीला पाठवला, आणि विमानं उडायला लागली तरी नाव आपलं नवी मुंबई इंटरनॅशनल. ज्यांना दि. बा. माहीत नाहीत त्यांच्यासाठी, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी 1984 ला जासईचं आंदोलन झालं, त्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्या लढ्याचे हे पुढारी, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची जी योजना आहे ती त्याच लढ्यातनं आली. त्या योजनेच्या प्लॉटवर आज अर्धी नवी मुंबई उभी आहे. टर्मिनलमध्ये कला भरपूर लावलीये, स्क्रीन मोठमोठे आहेत, एका भिंतीवर या दहा गावांची नावं तरी लिहिली असती तर काय बिघडलं असतं. असेलही कुठेतरी, मला दिसली नाहीत.

पुणेवाल्या मित्रांचे मेसेज येतायत की आम्ही येऊ का. लोहगावला एअर फोर्सचा बेस असल्याने फ्लाइटना मर्यादा आहेत त्यामुळे त्यांचा मोह मी समजू शकतो, एक्सप्रेसवे कळंबोलीलाच संपतो, तिथून एअरपोर्ट जवळ आहे, म्हणजे मुंबईत शिरायची गरजच नाही. पण शनिवार-रविवारचा खंडाळा घाट तुम्हाला माहितीये, मला सांगायची गरज नाही, हाताशी दोन तास जास्तीचे ठेवूनच या. पावसाळ्यात काय होतं ते बघूनच मी पुढचं बोलेन, कारण भराव टाकून उंच केलेली जागा आहे आणि आजूबाजूची गावं आता खालच्या अंगाला आलीत, पारगाव-डुंगीवाल्यांना विचारा जून-जुलैत काय असतं.

आणि तिकीट काढताना शहराच्या नावाखाली कोड बघायला विसरू नका. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे आमचा. बऱ्याच अॅपवर 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडच्या फ्लाइट एकाखाली एक दिसतात, आणि आमच्या सोसायटीतल्या एकाचा मेहुणा डोंबिवलीहून निघून सहारला जाऊन उभा राहिला, फ्लाइट होती इथून.