प्रशिक्षणाच्या व्हिडिओसाठी सीकबार: ब्राउझरची, स्वतःची की चित्रमालिकेवरची?

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर करणाऱ्यासमोर सीकबार, म्हणजे व्हिडिओ मागे-पुढे नेणारी पट्टी, कोणती घ्यावी हा प्रश्न लवकरच उभा राहतो. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर नव्याने रुजू झालेल्या ऑपरेटरला टूल ऑफसेट घेण्याचा (टूलची नेमकी जागा यंत्राला कळवण्याचा) दीड मिनिटाचा व्हिडिओ दाखवला जातो, पण त्याला त्यातला एकच क्षण पुन्हा पुन्हा पाहायचा असतो, तो म्हणजे टूलचे टोक जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, लागते तो. तो पट्टीवर बोट ठेवून मागे-पुढे सरकवतो आणि चित्र मात्र बोटाच्या मागे रेंगाळत राहते. या एका अनुभवावर आपल्या सॉफ्टवेअरची उपयुक्तता ठरते, म्हणून मार्ग निवडताना घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

ब्राउझरची स्वतःची नियंत्रणे वापरली तर काम जवळजवळ काहीच नसते आणि कीबोर्डचा आधारही आयता मिळतो. मात्र प्रत्येक ब्राउझरमध्ये पट्टी वेगळी दिसते, तिच्यावर 'चक बांधणे', 'टूल टेकवणे' असे टप्पे दाखवता येत नाहीत आणि व्हिडिओच्या मध्ये ठेवलेला प्रश्न न सोडवता पुढे जाणाऱ्याला अडवायचे असेल, तर पट्टीशी झगडावे लागते. निव्वळ पाहण्याच्या व्हिडिओला हा मार्ग पुरेसा आहे.

दुसरा मार्ग म्हणजे पानावर व्हिडिओ चालवणारा ब्राउझरचा व्हिडिओ घटक तोच ठेवून पट्टी स्वतः बांधणे, आणि बहुतेकांनी हाच घ्यावा असे माझे मत आहे. पट्टीसाठी रेंज प्रकारचा इनपुट, म्हणजे ब्राउझरचा तयार स्लायडर, घेतला, तर बाणांच्या कळा आपोआप चालतात. साध्या डिव्हवर, म्हणजे पानावरच्या रिकाम्या चौकटीवर, पट्टी उभारली, तर स्लायडरची भूमिका, चालू मूल्य आणि '१ मिनिट १२ सेकंद' असे वाचून दाखवता येणारे वर्णन हे सारे आपल्यालाच लिहावे लागते. बोट सरकताना इनपुटच्या घटना एकामागून एक येतात. प्रत्येकीला करंटटाइम (व्हिडिओचे चालू स्थान) बदलला, तर ब्राउझर आधीचे काम अर्धवट टाकून नवे हाती घेतो आणि पडद्यावर काहीच नीट उमटत नाही. म्हणून उडी पूर्ण झाल्याचे सांगणारी सीक्ड ही घटना येईपर्यंत थांबून, तोवर साठवलेल्या शेवटच्या स्थानाकडेच जावे. व्हिडिओ चालताना स्थान कळवणारी टाइमअपडेट ही घटना साधारण १५ ते २५० मिलिसेकंदांच्या अंतराने येते, त्यामुळे '४० वा सेकंद आला का' असे न विचारता 'ओलांडला का' असे विचारावे, नाहीतर त्या जागी ठेवलेला प्रश्न निसटून जातो.

तरीही रेंगाळण्याचे मूळ बहुधा पट्टीत नसते, ते फाइलमध्ये असते. एक्स२६४ हा व्हिडिओ आकसून फाइल बनवणारा एन्कोडर मूळ मांडणीनुसार दोन कीफ्रेममध्ये (स्वतंत्रपणे साठवलेल्या पूर्ण चित्रांमध्ये) २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १० सेकंदांपर्यंत. मधला कोणताही फ्रेम दाखवायचा, तर मागच्या कीफ्रेमपासून तिथपर्यंत उलगडत यावे लागते. हे अंतर १२ फ्रेमवर आणले की ते अर्ध्या सेकंदाहून कमी होते. फाइल मोठी होते, पण या कामासाठी ती किंमत मला रास्त वाटते. सर्व्हर बाइट-रेंजच्या, म्हणजे फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या, विनंत्यांना २०६ (अंशतः मजकूर) हे उत्तर देतो का, हेही याच वेळी तपासावे. तसे नसेल तर न उतरलेल्या भागाकडे उडी घेता येत नाही. व्हिडिओ.जेएस किंवा प्लायरसारखी व्हिडिओ प्लेअरची तयार लायब्ररी घेतली तरी खाली तोच व्हिडिओ घटक असतो, त्यामुळे रूप आणि सोय मिळते, सीकचा वेग मिळत नाही.

टॅब्लेट अगदीच कमी ताकदीचा असेल, तर ओढताना व्हिडिओ हलवूच नये. ९० सेकंदांसाठी दर सेकंदाला १६० बाय ९० चे एक लघुचित्र काढले, तर १० बाय ९ च्या मांडणीत १६०० बाय ८१० ची एकच प्रतिमा होते. बोट फिरताना तिच्यातील चौकट दाखवावी आणि बोट उचलल्यावरच व्हिडिओ त्या जागी न्यावा.

तिसरा मार्ग फ्रेमची चित्रे काढून ती कॅनव्हासवर, म्हणजे पानातील चित्रफलकावर, दाखवण्याचा. यात अचूकता पूर्ण असते आणि उलटे चालवणेही सहज जमते, परंतु हिशेब आधी करावा. ९० सेकंदांच्या २२५० चित्रांना प्रत्येकी ८० किलोबाइट धरले, तरी १८० मेगाबाइट होतात, आणि १२८० बाय ७२० चे एक चित्र उलगडल्यावर मेमरीत सुमारे ३.७ मेगाबाइट घेते. म्हणून टूल टेकण्याच्या चार सेकंदांपुरतीच, म्हणजे १०० चित्रांपुरतीच, ही पद्धत वापरावी. वेबकोडेक्स, म्हणजे आपल्या कोडमधूनच फ्रेम उलगडून घेण्याची ब्राउझरची सोय, हा पर्याय क्रोममध्ये २०२१ पासून आहे, पण त्यात फाइल फोडून तुकडे पुरवण्याचे काम आपल्यावर येते. लहान चमूने त्यात पडू नये.

निर्णयापूर्वी एकच क्लिप दोन प्रकारे एन्कोड करून पाहावी, एकदा मूळ मांडणीने आणि एकदा १२ फ्रेमच्या अंतराने. कारखान्यात प्रत्यक्ष वापरला जाणारा सर्वांत स्वस्त टॅब्लेट घेऊन तो तेलकट हाताच्या ऑपरेटरला द्यावा आणि टूल जॉबला लागतो तो क्षण त्याला किती प्रयत्नांत सापडतो, हे मोजावे.